जाड पुस्तक की सीडीवालं

वहिनी, आधी आपलं भांडण. रडायचं काय ते मागच्या आठवड्यात हिंगोलीला भरपूर रडून झालं. तुमच्या फोटोसमोर बसून माझं नाक लाल झालं होतं आणि बिचारा दादा, बायको त्याची गेली आणि पाणी मला आणून देत होता. आता पुण्यात परत आलेय, डोकं जरा ठिकाणावर आहे, म्हणून सांगते. नांदेडच्या दुकानातून त्या दिवशी आपण सीडीवालं पुस्तक घ्यायला पाहिजे होतं. माझं मत अजून तेच आहे. तुम्ही असत्या तर लगेच म्हणाल्या असत्या, "व्हय का? मंग त्या दिवशी टेबलाभवती काहून नाचली होतीस?" नाचले होते, कबूल. तरीपण!

सर्व्हर आला तेव्हा काय थाट होता, आठवतं ना? पतसंस्थेत तुम्ही नुकत्याच कामाला लागल्या होत्या. गोरेगावच्या मेंढ्या राखणाऱ्या घरातली पोरगी बी.एस्सी. होते, हिंगोलीत सून म्हणून येते आणि कॉम्प्युटरवर बसते, याचं बाजारात कौतुक होतं आणि आमच्या घरात धुसफूस. त्यात संस्थेनं सर्व्हर घेतला. सगळ्या खातेदारांचा हिशेब त्या एका मशीनवर, बाकीचे कॉम्प्युटर त्याला जोडलेले, आणि त्यावर विंडोज नव्हे, आपल्यापैकी कुणी बापजन्मात न पाहिलेलं लिनक्स. विकणारा माणूस आला, बसवून गेला, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि जो गेला तो गेलाच. चेअरमनकाकांनी मशीनला हार घातला आणि नारळ हातात घेतला. "काका, तिकडं, पायरीवर फोडा!" म्हणून तुम्ही ओरडल्या, नाहीतर पहिल्याच दिवशी मशीनच्या पोटात नारळाचं पाणी गेलं असतं.

पेढा तोंडात असतानाच काकांनी सांगून टाकलं, "सूनबाई, वार्षिक सभेपर्यंत बघतो. तोवर ही मशीन तुमच्याच्यानं सांभाळणं झालं तर बरं. न्हाई तर नांदेडचा माणूस ठेवतो. मंग तुमची जागा ठेवता येणार न्हाई, दोन-दोन माणसं आपल्याला परवडत न्हाईत." तुम्ही मान डोलावली आणि घरी येऊन भाकरी थापता थापता मला हळूच सांगितलं. मी हातातलं काम टाकून तुमच्याजवळ आले. कारण सून बाहेर कामाला जाते हे आईला मुळातच पटलेलं नव्हतं. एकदा का तुम्ही घरी बसल्या असत्या, की पुन्हा उंबऱ्याबाहेर पडायचं नाव काढणं मुश्किल होतं. हे तुम्हाला कळत होतं, मला कळत होतं आणि आईला तर फारच चांगलं कळत होतं.

"पुस्तक आणू," तुम्ही म्हणाल्या. "माणूस शिकवायला न्हाई, तर पुस्तक शिकवील." संस्थेनं एका पुस्तकाला मंजुरी दिली. एकाच! आणि ते आणायला दादाला न नेता तुम्ही मला घेऊन निघालात. आई म्हणाली, "पोरीला बघायला माणसं येऊन राहिली अन् ही चालली नांदेडला!" तुम्ही साळसूदपणे सांगितलं, "आत्याबाई, मला इंग्रजीत तकलीफ होते. मंगल पाहिजे सोबत." खोटं! साफ खोटं. इंग्रजी तुमचं माझ्याइतकंच होतं, थोडं सरसच म्हणा. पण ते मला फार नंतर कळलं.

त्या दुकानात शिरताना मला जत्रेत शिरल्यासारखं झालं होतं. बाहेर शाळेची गाईडं, आत एका फळीवर कॉम्प्युटरची पुस्तकं. दुकानदारानं आपल्याकडं एकदा, दोनदा बघितलं.

"किसके लिए चाहिए? भाई के लिए?"

"न्हाई. आमच्यासाठी."

"आपके लिए? तो टायपिंग का देखो ना मॅडम, बहुत आसान है."

"सर्व्हरचं दाखवा," तुम्ही म्हणाल्या, आणि स्टूल ओढून त्यावर ठाण मांडलंत. असा राग आला होता मला त्या माणसाचा, आणि तुम्ही मात्र भाजीवाल्यासमोर बसावं तशा निवांत.

तीन पुस्तकं निघाली. एक बारीक, एक चकचकीत, पाठीला सीडी चिकटवलेलं, पानापानावर चित्रं. आणि तिसरं ते जाड, उशाला घ्यावं असं, आत एक चित्र नाही, नुसती मुंग्यांची रांग. मी सीडीवाल्यावर झडपच घातली. इकडं दाबा, तिकडं दाबा, बाण काढून दाखवलेलं! दुकानदार पण म्हणाला, "यही लो, सब इसमें है." आणि तुम्ही काय म्हणालात? "थांब. जरा चालवून बघू."

पुस्तक चालवून बघायचं! तुमचे वडील बाजारात मेंढी घेताना ती उभी कशी दिसते ते बघत नाहीत, तिला चार पावलं चालवून बघतात, हे तुम्ही मला आधी सांगितलं होतं. पण पुस्तक? तुम्ही तिन्ही पुस्तकं पुढं मांडली आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा ठरवलं. मशीन मेली तर काय करायचं? पहिली पानं बघायचीच नाहीत. पहिल्या पानावर सगळेच गोड बोलतात, असं तुमचं म्हणणं.

बारक्या पुस्तकानं सांगितलं, जिथून मशीन घेतली त्यांना विचारा. तो तर फोनच उचलत नव्हता. सीडीवाल्यात मीच शोधलं, मोठ्या आशेनं. तिथं एक छान चौकट होती आणि चौकटीत लिहिलं होतं, अशा वेळी आपल्या अॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. तुम्ही एकदा वाचलं, परत बोट ठेवून वाचलं आणि अशा काही हसायला लागल्या की दुकानदार दचकला. "अगं मंगल, त्यो तर आपणच व्हायचा हाय! आपण कुणाला विचारावं?" मलाही हसू आवरेना.

जाड पुस्तकात त्यावर अख्खा धडा होता. आधी घाबरू नका, मग हे करा, मग ते तपासा, त्यानंतर हिशेबाची नक्कल ठेवलेली टेप लावा. लिहिणाऱ्यानं स्वतः एकदा सगळं घालवून बसल्याचंही मोकळेपणानं सांगितलं होतं. ते वाचून तुमचा चेहरा उजळला. "यानं मार खाल्लेला हाय. हेच घेऊ." मी रस्त्यापर्यंत वाद घातला. चित्रं नाहीत, सीडी नाही, शिकणार कसं? तुम्ही पिशवी छातीशी धरून पुढं, मी बडबडत मागं.

येताना कळमनुरीला बाजाराची गर्दी एसटीत घुसली. एका म्हातारीनं मिरच्यांची पाटी सरळ तुमच्या मांडीवरच्या पुस्तकावर टेकवली आणि मग वाकून बघितलं. "कोन्ती पोथी हाय बाई?" तुम्ही म्हणालात, "मशीनची." ती म्हणाली, "एवढी जाड? पारायण कधी बसवून राहिल्या मंग?" सगळी बस हसली. तुम्ही हसला नाहीत. हिंगोली येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसलात आणि स्टँडवर उतरता उतरता म्हणालात, "म्हातारी बराबर बोलली. पारायणच करू."

आणि खरंच मांडलंत हो! रात्रीचं जेवण झालं की माजघरात पाट, पाटावर पुस्तक. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं अर्थ सांगायचा, नेमलेला भाग होईपर्यंत मधे उठायचं नाही. मी वाचायची, तुम्ही सांगायच्या, दुसऱ्या दिवशी उलट. आई डाळ निवडत बसायची, कान आपल्याकडं. आठ-दहा दिवसांनी तीच विचारायला लागली, "तो रूट म्हणजे सगळ्यांच्या वरचा, व्हय ना? त्याला कुणाचीच परवानगी लागत न्हाई? मंग तो चुकला तर त्याला कोण बोलणार?" आपण एकमेकींकडं बघितलं. इतका नेमका प्रश्न आपल्याला सुचला नव्हता! एक दिवस आपण बसायला उशीर केला तर आई म्हणाली, "आज वाचायचं न्हाई का?" त्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात नेऊन माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

मग ती भानगड. तोवर मीही पुस्तक वाचून दाखवायला तुमच्यासोबत संस्थेत यायला लागले होते. पुस्तकात लिहिलं होतं, रात्री कुणी काम करत नसताना मशीन आपोआप सगळ्या हिशेबाची टेपवर नक्कल काढते. फक्त वेळ सांगून ठेवायची. आपण सांगितली. सकाळी बघितलं, टेप कोरी. परत सांगितली. परत कोरी. तुम्ही एक-एक अक्षर तपासलं, मी तपासलं. बरोबर! मी तर पुस्तकाला शिव्या द्यायला लागले. "म्हटलं होतं ना, सीडीवालं घ्या! तुमच्या मार खाल्लेल्या माणसाला काही येत नाही." तुम्ही म्हणायच्या, "त्याचं चुकलेलं न्हाई. आपलंच कुठंतरी चुकून राहिलं." सभा जवळ येत होती, चेअरमनकाका रोज दारातून डोकावून "काय म्हणते मशीन?" विचारून जायचे, आणि आपण दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हतो.

शेवटी तुम्हीच वैतागून म्हणालात, "रात्री करत न्हाई ना? मंग दुपारी करून दाखव म्हणावं!" आणि वेळ बदलून जेवणाच्या सुट्टीतली टाकली. आपण समोर डबे उघडून बसलो. आणि वहिनी, माझ्या हातातला घास हातातच राहिला! टेप आपोआप घरघरायला लागली. कुणी हात लावला नाही, कुणी काही दाबलं नाही, आणि तिचा हिरवा दिवा लुकलुकतोय! मी टेबलाभवती नाचले ती तेव्हा. तुम्ही भाकरीचा हात तसाच धरून बघत होत्या, डोळे भरलेले. मग तुम्ही हळूच म्हणालात, "पण मंग रात्री काहून करत न्हाई?" दोघींची नजर एकदमच भिंतीवरच्या मेन स्विचवर गेली.

अरे देवा! रोज संध्याकाळी तुम्ही मशीन पुस्तकात सांगितल्याप्रमाणे नीट बंद करत होत्या, त्यावर जुन्या साडीची शिवलेली खोळ घालत होत्या, आणि किल्ली तुमच्याकडं म्हणून शेवटी मेन स्विच खाली ओढून कुलूप लावत होत्या. बाजारात कुठंतरी तारा जळाल्यापासून संस्थेचा तसा नियमच होता. आणि आपल्या घरात कुणी माणूस नसताना साधा बल्ब चालू ठेवत नाहीत, तिथं एवढी मोठी मशीन रात्रभर चालू ठेवायची, हे आपल्या स्वप्नातही आलं नव्हतं! अख्ख्या जाड पुस्तकात ते एक वाक्य नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, सर्व्हर कोण बंद करतं? मी म्हणाले, "बघा, हे सांगायला नको होतं त्यानं?" तुम्ही डोळे पुसत हसत म्हणालात, "त्यानं आपल्याला शहाणं समजलं, त्यात त्याची काय चूक?"

रात्री चालू ठेवायला काकांनी साफ नकार दिला, आगीची भीती. आणि तसंही रात्री लोडशेडिंग कुणाला चुकलं होतं? तर तुम्ही पुस्तकातलं रात्रीचं काम कायमचं दुपारी आणलंत. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी हात धुवायला जायचं आणि मशीननं नक्कल काढायची. कुठल्याच पुस्तकात असं नसणार. पण हिंगोलीत ते जमलं.

आणि जमलं ते किती वेळेवर! सभेला दोन दिवस राहिले होते. वीज गेली, आली ती अशी काही जोरात आली की पंख्यांनी धूर काढला आणि मशीनमधली हिशेबाची डिस्क खलास. चेअरमनकाका खुर्चीत बसले ते उठेचनात. "गेलं का सगळं? सभेत लोकांना काय सांगू?" तुम्ही सरळ फोन उचललात. नांदेडहून नवीन डिस्क मागवली, ती आली, आणि पुस्तक उघडून माझ्या हातात दिलंत. "वाच. पारायणात वाचतेस तसं, खणखणीत." मी एक ओळ वाचायची, तुम्ही ती टाईप करायच्या, दोघी मिळून पडदा बघायचो, मग पुढची ओळ. काका मागं उभे, मॅनेजर मागं उभे, शिपाई दारात. दिवस कलायला आला आणि पडद्यावर नावं सरकायला लागली. खातेदारांची नावं, एकाखाली एक! काकांनी पुढं वाकून स्वतःचं नाव शोधलं आणि लहान पोरासारखे ओरडले, "हाय! मी हाय!"

वीज गेली त्या दिवशीच्या, दुपारच्या नकलेनंतरच्या पावत्या तेवढ्या परत भराव्या लागल्या, बाकी सगळं जसंच्या तसं. काकांनी तिथल्या तिथं सांगितलं, "नांदेडच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवा." घरी गेलो तर आईनं विचारलं, "राहिली का नोकरी?" तुम्ही हो म्हणालात. आई म्हणाली, "मंग उद्यापासून भाकरी मी टाकत जाईन. तुला उशीर होतो." तुम्ही आत जाऊन रडलात. मला दिसलं होतं.

आता माझा मुद्दा ऐका. पुढं तीन महिने आपल्याला साधा प्रिंटर जोडता आला नाही! जाड पुस्तकात प्रिंटरवर चार ओळी, आणि सीडीवाल्यात चित्रासकट पूर्ण धडा होता, मी दुकानात डोळ्यांनी बघितलेला. दर दिवाळीला मी हे काढायची आणि तुम्ही म्हणायच्या, "प्रिंटर न्हाई चालला तर हातानं लिहिता येतं." हे काय उत्तर झालं? शिकणाऱ्या माणसाला रोजचं काम पण शिकवायला नको? संकट वर्षातून एकदा येतं हो, प्रिंटर रोज लागतो. आज मी इथं पुण्यात खोलीभर सर्व्हर सांभाळते, नव्या पोरापोरींना कुठलं पुस्तक घ्यायचं ते सांगते, आणि सांगते त्या सीडीवाल्यासारखं, चित्रांचंच. मग संध्याकाळी त्यांना हळूच म्हणते, पण मशीन मेल्यावर ते पुस्तक काय सांगतं, एकदा बघून घ्या.

एक गोष्ट बोलायची राहिली. तुम्हाला माझी गरज नव्हती नांदेडला. मला बघायला येणाऱ्या माणसांच्या आधी मला घराबाहेर काढायची होती तुम्हाला, मला काहीतरी येतं हे आईला ऐकू जायला पाहिजे होतं. म्हणून मोठ्यानं वाचायला लावलंत रोज. मी जी काही आहे ती त्या पाटावर झाले, वहिनी. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. प्रिंटरवरून भांडत बसले.

मागच्या आठवड्यात, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, संस्थेतून बोलावणं आलं. मशीन आता दुसरी आहे, मॅनेजरही नवीन. ते बिचारे अवघडून म्हणाले, "मंगलताई, तुम्ही आलाच आहात तर मॅडमचं नाव मशीनमधून काढून द्या. नसलेल्या माणसाचं नाव काहून ठेवलं, असं तपासणीवाले विचारतील." दादानं तुमचा पासवर्ड दिला होता, आत काही महत्त्वाचं राहिलंय का बघ म्हणाला. मी तुमच्या खुर्चीत बसले. तुमचं नाव टाईप केलं, सुनंदा. पासवर्ड टाकला. आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी माझं बोट थांबलं.

मशीनची एक रीत आहे. ज्या नावानं आत शिरावं, ते नाव याआधी शेवटचं कधी आलं होतं ते ती सांगते, आणि लगेच ती जुनी वेळ पुसून आत्ताची लिहिते. मी तुमच्या नावानं आत गेले असते तर तुमचं शेवटचं येणं पुसून तिथं माझं आलं असतं.

मी मागं फिरले. मॅनेजरकडून पासवर्ड घेऊन रूटच्या नावानं आत गेले, बाहेरूनच सगळ्यांच्या येण्याजाण्याची यादी मागवली आणि त्यात तुम्हाला शोधलं. सुनंदा, मंगळवार सकाळ. त्याच मंगळवारी दुपारी तुम्हाला तापात नांदेडला हलवलं होतं. तेवढ्या तापात तुम्ही आधी संस्थेत येऊन गेला होतात, आणि घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"निघालं का नाव?" मॅनेजरनी विचारलं.

"बंद केलं. काढलं न्हाई."

"आणि तपासणीवाले?"

"त्यांना मला फोन करायला सांगा."

तुमच्या नावाला मी कुलूप लावून आलेय, वहिनी. त्या नावानं आता कुणालाच आत जाता येणार नाही, मलासुद्धा नाही, आणि यादीत तुमच्या नावापुढं ती मंगळवारची सकाळ तशीच आहे.